अर्ध्यावर छापलेली गोष्ट

सरकारी क्रमिक पुस्तक शाळेत पोचायच्या आधी किती हातांखालून जातं, हे पोरांना ठाऊक नसतं ते बरंच आहे. नाहीतर ती पुस्तक धरायलाच भ्यायली असती. आधी कोणीतरी जीव लावून लिहायचं, मग ते कमिटीकडे जायचं. कमिटीत एकाला व्याकरण खुपायचं, दुसऱ्याला नीती, आणि तिसरा पहिल्या दोघांना मान डोलवायला बसवलेला. सगळ्यांची कात्री चालून झाली की उरलंसुरलं नमुना म्हणून छापायचं, एखाद्या शाळेत हंगामभर शिकवून अजमावून पाहायचं, आणि तिथल्या डिप्टीनं, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबानं, 'योग्य' असा शेरा मारला की मंजुरीचा शिक्का. एकदा तो शिक्का बसला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी त्यातली ओळ हलायची नाही.

नवलराव डिप्टींना ही सगळी रीत पाठ होती. पश्चिम खानदेशातल्या शाळा तपासत त्यांची निम्मी हयात तट्टाच्या पाठीवर गेली होती. माणूस तापीकाठच्या गुजर घरातला. घरची कपाशीची जमीन भावांच्या हवाली करून नोकरीत शिरलेला. स्वभाव कडक, पण तो कडकपणा फक्त मास्तरांपुरता. अक्राणीच्या डोंगरातल्या शाळा त्यांच्याकडे आल्या तेव्हा तिथं चालणारं मंजूर पुस्तक पाहून त्यांनी कपाळावर हात मारला होता. पहिला धडा समुद्राचा, दुसरा आगगाडीचा. धडगावच्या वरच्या पाड्यांतल्या पावऱ्यांच्या पोरांनी समुद्र तर सोडाच, बैलगाडी जाईल एवढी सपाट वाटही पाहिलेली नव्हती. पोरं चार दिवस धडा घोकायची आणि पाचव्या दिवशी गुरांमागं निघून जायची.

म्हणून नवलरावांनी डोंगरातल्या शाळांसाठी स्वतःच पुस्तक लिहायला घेतलं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण तापी.

तापी त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, म्हणून ती आत्याकडे, छबूबाईकडे वाढत होती. मानमोडीच्या साथीत ती गेली तेव्हा नवलराव फिरतीवर होते. निरोप डोंगरात पोचेपर्यंत तिकडे सगळं आटपलंही होतं. त्यांनी ना तिला आजारी पाहिलं, ना शेवटचं निजलेलं पाहिलं. पाहिलं ते फक्त झाडून सारवून ठेवलेलं घर. त्याला आता वर्षं लोटली होती, पण तेव्हापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. गावाशेजारच्या नदीलासुद्धा ते नुसतं 'नदी' म्हणत. मात्र पुस्तक लिहायला बसले की समोर ती असायची. हे तिला कळेल का, इथं ती हसेल का, असं विचारत विचारत त्यांनी एकेक धडा लिहिला. हे पुस्तक पोरांच्या हातात पडलं तर तिचं काहीतरी जगात राहिलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. दुसरं त्यांच्याजवळ होतं काय!

शेवटच्या धड्याला त्यांनी आमशाची गोष्ट घेतली. आमशा हा उमरापाणीचा म्हातारा, गायणं म्हणणारा. कोणाकडे दुःख झालं की आसपासचे पाडे त्याला बोलावून नेत. सपाटीवरच्या साहेबाशी तो बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोलायचा. गोष्ट सांगायला तो लगेच तयार झाला, पण त्याआधी त्यानं बजावलं.

"साहेब, मी गोट सांगस, पन ती अर्धी सोडानी नही."

"का रे बाबा?"

"हाई गोट सुरू व्हयनी का, ज्यान्हा ज्या गयेल शेतस त्या ऐकाले येतस. आपला आपला मानूसजोडे बसतस. गोट सरनी का त्यास्ले नाव लिसन उठाडनं पडस. नही उठाडं, तर त्या बसेलच ऱ्हातस."

मेलेली माणसं गोष्ट ऐकायला येऊन आपापल्या माणसाशेजारी बसतात आणि नाव घेऊन उठवल्याशिवाय हलत नाहीत, हे ऐकून नवलरावांना मौज वाटली आणि अर्धी सोडणार नाही असा शब्द त्यांनी देऊन टाकला. गोष्ट मात्र त्यांच्या काळजाला भिडली. एका बाईचा मुलगा मरतो. मेल्यावर तो तिला पायवाटेनं चाललेला दिसतो आणि ती त्याच्यामागं निघते. वाटेत साग विचारतो, मोह विचारतो, खडक विचारतो, "बाई, कुठं चाललीस?" ती सांगते, "पोरामागं." शेवटी मोठी नदी आडवी येते. पोर पाण्यात पाय घालतं आणि आई काठावर उभी राहते. तिथून पुढं आईचा निरोप, आणि मग सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्यांकडून ज्याच्या त्याच्या माणसाचं नाव घेववायचं आणि म्हणायचं, "गोष्ट संपली, ऊठ." नवलरावांनी आमशाला दिलेला शब्द पाळला आणि शेवटासकट सगळं लिहून पाठवलं.

कमिटीनं बाकीचं पुस्तक उचलून धरलं, पण त्या धड्याचा शेवट साफ कापला. भुताखेतांनी कोवळ्या मनाला अपाय होतो, म्हणे. गोष्ट नदीकाठी आणून सोडली आणि खाली तात्पर्य चिकटवलं, 'शोक न करता उद्योगास लागावे.' नवलराव दोन दिवस चरफडले. मग त्यांनी गिळलं. एवढं पुस्तक पार पडतंय तर एका धड्याच्या शेपटासाठी कुठं अडून बसायचं? नमुन्याच्या प्रती गाठोड्यात बांधून त्यांनी उमरापाणीच्या रामसिंग मास्तरांकडे पाठवून दिल्या. छापल्याबाहेरचं अक्षर वाचायचं नाही, नाहीतर अजमावणी रद्द होते, हा नियमही सोबत कळवला.

थंडीत ते स्वतः पाहायला गेले. तोरणमाळच्या अंगानं बोचरा वारा सुटला होता. शाळा म्हणजे कुडाची लांब खोली, सारवलेली जमीन, एका अंगाला मास्तरांची खुर्ची. रामसिंग मास्तर तळोद्याकडचे, तरुण आणि कामसू. पण आज त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मुलं येतात ना?" नवलरावांनी तट्टावरून उतरता उतरता विचारलं.

"एकही चुकत नाही, साहेब. सुटी म्हटली तरी येतात."

"मग तोंड का असं?"

मास्तरांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. आत गेल्यावर नवलरावांच्या कपाळाला आठी पडली. पोरं खोलीभर विखरून बसली होती. एक इथं, एक तिथं, मध्ये माणूस मावेल एवढी जागा सोडून. थंडीच्या दिवसांत पोरं कोंबडीच्या पिलांसारखी चिकटून बसतात, ती ही अशी का?

"ओळीनं बसा! जवळ सरका."

कोणी हललं नाही. मुजोरी म्हणावी तर तसंही दिसेना. पोरं गरीब नजरेनं त्यांच्याकडे पाहत राहिली. नवलराव पुढं झाले आणि दलसिंग नावाच्या एका किडकिडीत मुलाच्या शेजारी टेकायला गेले, तसा तो पोरगा घाईनं म्हणाला, "साहेब, तठे नका बसू. तठे मन्ही माय शे."

"त्याची आई गेल्या साली गेली," मास्तर हळूच म्हणाले.

नवलरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काटा आला म्हणूनच ते चिडले. आमशानं पोरांच्या डोक्यात काय काय भरवलंय! त्यांनी पुस्तक उघडायला सांगितलं. पोरांनी न सांगता शेवटचा धडा काढला. रोज तोच वाचायचा हट्ट धरतात, असं मास्तर म्हणाले. एका सुरात वाचन सुरू झालं. साग विचारतो, मोह विचारतो. समुद्राच्या धड्याला अडखळणारी हीच पोरं आता कुठंही न थांबता चालली होती. नदीकाठ आला आणि सगळी एकदम गप्प झाली. तात्पर्य कोणी वाचलं नाही. त्या गप्प खोलीत कोणीतरी पुढचं ऐकायला थांबलं आहे, असं नवलरावांना लख्ख जाणवलं. बाहेर भरदुपारचं ऊन होतं. दारातून कोंबडी आत डोकावली आणि जागच्या जागी वळून निघून गेली.

"असं नाही वाचायचं," आवाज चढवून ते म्हणाले, कारण ती शांतता मोडणं त्यांना भाग होतं. "भावना आणून वाचायचं. ऐका." त्यांनी खुर्चीवर बसून तो धडा स्वतः वाचून दाखवला. सुरुवातीपासून नदीकाठापर्यंत.

जेवणाची सुटी झाली. पोरं बाहेर झाडाखाली भाकरी सोडून बसली आणि प्रत्येकानं पहिला तुकडा मोडून शेजारच्या रिकाम्या जागी ठेवला. नवलराव खुर्चीवरच होते. पाणी प्यायला आत आलेली पोरं खुर्चीच्या डाव्या अंगानं जाताना वळसा घालत होती. एकानं घातला, दुसऱ्यानं घातला. मग दलसिंग आला आणि थांबून त्यांच्या गुडघ्याशी बघायला लागला.

"साहेब, हाई पोर तुम्हनी शे का?"

"कोण पोर?"

"लाल परकरवाली. कपाळवर व्रण शे." त्यानं भुवईच्या वर बोट ठेवून दाखवलं.

छबूबाईच्या ओट्यावरून पडून तापीच्या भुवईवर खोक पडली होती. ह्या डोंगरात ते माहीत असणारं माणूस नव्हतं. नवलराव गुडघ्याकडे बघत राहिले. तिथं सारवलेली जमीन होती, बाकी काही नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, तो हवेतच राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना उमरापाणीहून निघायचं होतं. ते निघाले नाहीत. धडगावला निरोप धाडला, की अजमावणी बारकाईनं करायची आहे, मुक्काम वाढतो आहे. रोज शाळा भरली की ते खुर्चीवर येऊन बसत आणि डावा हात खाली सोडून ठेवत. त्यांना स्वतःला काही दिसत नव्हतं, आणि त्या पोरांचा हेवा वाटून वाटून त्यांचा जीव जळत होता. मग ते पोरांनाच विचारत, अगदी हिशेब विचारल्यासारखं तोंड करून. आज कुठं बसली? काय करते आहे? हसते का? पोरं खरं ते सांगत. बसेल शे. दाराकडे देखी ऱ्हायनी. तुम्हनाकडे देखी ऱ्हायनी. एकदा एक पोर म्हणालं, "हसस नही," आणि त्या दिवशी नवलराव जेवले नाहीत. पण एकंदरीत ते सुखात होते. असं सुख माणसाला होऊ नये, पण झालं होतं खरं.

रामसिंग मास्तर मात्र झुरत होते. एका सकाळी ते आमशाला घेऊनच आले. म्हातारा उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत पाऊल टाकीना. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि छातीवर हात ठेवला.

"साहेब, तुम्ही बुकात अर्धीच गोट छापी!"

"मी नाही छापली. वरून कापली."

"कोनी बी कापो. ज्या येल शेतस त्या वाट देखी ऱ्हायनात. पुढं काय व्हयनं ते कोनी सांगस नही. त्यास्नं ठीक शे, त्यास्ले भूक नही. पन पोरेस्नं काय? जित्ता पोऱ्या मरेलजोडे किती दिन बसी? तो बी तसाच व्हई जाई."

नवलरावांनी इतके दिवस पोरांकडे पाहिलं होतं, पण फक्त आपल्या कामापुरतं. आता नीट पाहिलं. पोरांचे गाल बसले होते. नुसता पहिला तुकडा नाही, सगळी भाकरीच ती शेजारी ठेवत होती. संध्याकाळी शाळा सुटली की उठायला नाखूष असत. दलसिंगचा बाप त्याला ओढून न्यायला यायचा. हाक मारली तर दलसिंग मान वळवत नव्हता, उशिरानं, कुठून तरी लांबून आल्यासारखा बघत होता. त्याच्या ओठांना रंग राहिला नव्हता.

"शेवट तुम्हाला ठाऊक आहे, साहेब," रामसिंग मास्तर हात जोडून म्हणाले. "वाचून टाका. मी वाचला असता, पण नियम मोडून माझी नोकरी जाईल एवढंच नाही, माझं कोणी तिथं बसलेलं नाही. ज्यांनी लिहिला त्यांनीच संपवावा, असं आमशाबाबा म्हणतो."

"अजमावणी रद्द होईल. पुस्तक मेलं समजा," नवलराव म्हणाले. बोलता बोलताच त्यांना कळलं की आपण खोटं बोलतो आहोत. पुस्तकाचं त्यांना आता सोयरसुतक नव्हतं. त्यांना फक्त खुर्चीच्या डावीकडची ती गुडघ्याजवळची जमीन हवी होती. त्यांनी मास्तरांना नाही म्हटलं आणि म्हाताऱ्याकडे पाठ फिरवली. आमशा उंबऱ्याबाहेर खाली बसला, तो दुपारपर्यंत तिथंच बसून राहिला.

दुपारी भाकरीच्या सुटीला दलसिंग उठलाच नाही. बाकीची पोरं बाहेर गेली, तो आपल्या जागी राहिला. नवलरावांनी हाक मारली. मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला. खांदा गार होता, नदीतल्या गोट्यासारखा. पोरगा शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की नवलरावांना ते ओळखू आलं. तेच समाधान घेऊन ते स्वतः इतके दिवस खुर्चीवर बसले होते.

आणि मग त्यांना भीती वाटली, खरीखुरी. आपल्या शेऱ्यासाठी कमिटी तिकडे थांबली आहे. आपण 'योग्य' लिहिलं की हा धडा असाच, नदीकाठी तोडलेला, डोंगरातल्या एकूण एक शाळेत जाईल. आणि प्रत्येक शाळेत पोरं अशी जागा सोडून बसतील.

"सगळ्यांना आत बोलवा," त्यांनी मास्तरांना सांगितलं. "आणि कमिटीला मी लिहितो, हे पुस्तक नको म्हणून."

पोरं आत आली, आपापल्या जागी बसली. नवलरावांनी पुस्तक उघडलं नाही. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. साग विचारतो, मोह विचारतो, खडक विचारतो. नदीकाठ आला. इथं रोज गोष्ट थांबायची. ते थांबले नाहीत.

"काठावर उभी राहून आई म्हणाली, पोरा, इथपर्यंत मी आले, ह्यापुढं वाट तुझ्या एकट्याची आहे. घरी माझी चूल विझायला आली आहे, धाकटी पोरं माझी वाट पाहत आहेत. तू पाठ फिरव, मीही फिरवते." खोलीत कसलीशी हालचाल झाली, पुष्कळ माणसं बसल्याजागी सावरून बसावीत तशी. कुडाच्या फटींतून येणारा वारा थांबला. नवलराव म्हणाले, "आता ज्याचं जे असेल त्यानं त्याचं नाव घ्या, आणि म्हणा, गोष्ट संपली, ऊठ."

पोरांनी एकेक करून नावं घेतली. कोणी आजीचं, कोणी भावाचं. दर नावागणिक दारातलं ऊन क्षणभर मळायचं आणि पुन्हा स्वच्छ व्हायचं. उंबऱ्यावरचा आमशा प्रत्येक वेळी थोडा बाजूला सरकत होता, कोणाला वाट द्यावी तसा. दलसिंगची पाळी आली. तो गप्प. नवलराव त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्याचा गार चेहरा उजव्या हातात धरून म्हणाले, "म्हण बाळा." दलसिंगनं आईचं नाव घेतलं, आणि पुढचं म्हणता म्हणता मोठ्यानं रडायला लागला. त्याच्या गालावर रंग आला. पोरं सरकली, एकमेकांना चिकटली, आणि खोली पुन्हा शाळेसारखी दिसायला लागली.

राहिले नवलराव.

इतक्या वर्षांत न घेतलेलं नाव जिभेवर येईना. मग डोळे घट्ट मिटून ते म्हणाले, "तापी. गोष्ट संपली, बाळा. ऊठ."

काही झालं नाही. दारातलं ऊन होतं तसंच राहिलं. आमशानं मान वर करून पाहिलं.

दलसिंग नाक पुसत म्हणाला, "साहेब, ती उठस नही. तुम्हीच तिन्हा हात धरेल शे."

नवलरावांनी खाली पाहिलं. डावा हात गुडघ्याशी होता आणि मूठ आवळलेली होती. इतकी, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती कधी आवळली गेली हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मूठ सोडायला पाहिलं, पण बोटं ऐकेनात. शेवटी त्यांनी उजव्या हातानं एकेक बोट मागं वळवून डावी मूठ उघडली. तळव्याला घाम होता आणि तो हलके हलके वाळत गेला. दारातलं ऊन मळलं आणि स्वच्छ झालं.

मग नवलरावांनी सगळ्या पोरांना मिळून विचारलं. मोठ्या साहेबाचा आवाज इतका बारीक होतो हे पोरांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"जाताना तिनं मागं वळून पाहिलं का रे?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर दलसिंगनं दिलं.

"नही साहेब. पयत गई. शाळा सुटनी का आम्ही पयतस ना, तशी."

"पळत गेली," नवलराव स्वतःशीच म्हणाले. मग उठून त्यांनी दार पुरतं उघडलं आणि पोरांना घरी जायला सांगितलं.